तांब्याच्या गांवांतील जुनें दुकान

अमेरिकेच्या आरिझोना राज्यांत, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून थोड्याच मैलांवर, डोंगराच्या घळींत बिस्बी नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील मुख्य रस्त्यावरची एखादी विटांची जुनी दुकानवजा इमारत अधूनमधून विकावयास निघते. जाहिरातींत ‘ऐतिहासिक’ हें विशेषण हटकून असतें. आपल्याकडे वाडा घेणारा गृहस्थ विहिरीचें पाणी, भाऊबंदांच्या सह्या आणि शेजाऱ्याची भिंत आधीं पाहतो. बिस्बींत पाहावयाच्या गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्यांतल्या कांहीं डोळ्यांना दिसतच नाहींत.

१८७७ सालीं सैन्याच्या एका तुकडीला पाणी शोधतां शोधतां येथें धातूचे दगड सांपडले, व १८८० मध्यें गांव वसलें. ज्या न्यायाधीश बिस्बींचें नांव त्याला मिळालें, ते खाणींत पैसा घालणाऱ्यांपैकीं होते. गांवांत त्यांनीं कधीं पाऊलहि टाकलें नाहीं म्हणतात. पहिल्या दावेदारांपैकीं जॉर्ज वॉरन हा तर घोड्याशीं धांवण्याची पैज लावून ‘कॉपर क्वीन’ खाणींतील आपला हिस्सा घालवून बसला, अशी तेथली प्रसिद्ध कथा आहे. त्याच वॉरनच्या छायाचित्रावरून घेतलेला खाणकामगार आज आरिझोनाच्या राजमुद्रेवर दिमाखानें उभा आहे!

या डोंगरांतून सुमारें शंभर वर्षांत ८ अब्ज पौंडांच्या आसपास तांबें निघालें. १९१० च्या खानेसुमारींत वस्ती ९,०१९ भरली. त्यापूर्वीं दोनच वर्षें, १९०८ च्या ऑक्टोबरांत, आगीनें मुख्य रस्त्याचा मोठा भाग खाल्ला होता. लांकडी दुकानें गेलीं व त्यांच्या जागीं विटांचीं उभीं राहिलीं. आज विक्रीस निघणाऱ्या पुष्कळशा इमारती त्या आगीनंतरच्याच. खालीं रुंद कांचांचें दुकान, वर खोल्या किंवा कचेऱ्या, आणि पाठीमागें सरळ डोंगर. घळ इतकी उभी, कीं जुन्या चार मजली हायस्कुलाच्या प्रत्येक मजल्याला जमिनीवरून प्रवेश आहे. म्हणून येथें दर्शनी कांचांपेक्षां मागची भिंत आधीं पाहावी. जुलै-ऑगस्टांत तेथेंहि पावसाळा असतो. जुन्या विटांच्या सांध्यांत एकदां ओल शिरली म्हणजे रंगाच्या हातानें ती झाकते, जात नाहीं.

मग पायाखालची जमीन. खाणगांवांतील खरेदीखत अनेकदां केवळ पृष्ठभागाचें असतें. खालच्या खनिजाचा हक्क खाणकंपनी स्वतःकडे राखून ठेवते. बिस्बीच्या पोटांत शेंकडों मैलांचीं भुयारें आहेत, आणि गांवाशेजारीं ‘लॅव्हेंडर पिट’ हा उघड्या खाणीचा प्रचंड खड्डा. लोवेल नांवाच्या शेजारच्या वस्तीचा मोठा भाग त्या खड्ड्यानें गिळला. तेव्हां खतांतील ती एक ओळ वकिलाकडून नीट वाचून घेतलेली बरी.

परंतु ‘ऐतिहासिक’ म्हणतांना जाहिरातदाराला सहसा आठवत नाहीं ती तारीख म्हणजे १२ जुलै १९१७. महायुद्धामुळें तांब्याला विलक्षण मागणी होती, आणि खाणकामगार संपावर होते. शेरीफ हॅरी व्हीलर यानें सुमारें दोन हजार हत्यारबंद माणसें जमविलीं; खाणकंपनीच्या अधिकाऱ्यांनीं तारकचेरी ताब्यांत घेतली; आणि पहांटे घराघरांतून संपवाले व त्यांचे कैवारी बाहेर ओढले गेले. त्यांना पोस्टासमोर, म्हणजे या दुकानांच्या रस्त्यावरच, गोळा केलें व तेथून वॉरन येथील बेसबॉलच्या मैदानाकडे चालवीत नेलें. सुमारें १,२०० माणसें गुरांच्या २३ डब्यांत कोंडून शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत नेऊन सोडण्यांत आलीं. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीं नेमलेल्या मंडळानें हें कृत्य सर्वस्वीं बेकायदेशीर ठरविलें; शिक्षा मात्र कोणालाहि झाली नाहीं.

१९७४ मध्यें लॅव्हेंडरचा खड्डा व १९७५ मध्यें भुयारी खाण बंद पडली. कामगार निघून गेले, घरें मातीमोल झालीं, आणि चित्रकार, कारागीर व भटक्या वृत्तीचे तरुण यांनीं तीं घेतलीं. गांवाचें जुनें रूप टिकलें तें, माझ्या मतें, या निर्धनतेमुळेंच. पैसा असता तर विटांचीं दुकानें पाडून तेथें कांहींतरी नवें उभें राहिलें असतें. १९८० सालीं हा भाग ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादींत गेला. अशा भागांतील उत्पन्नाची जुनी इमारत सरकारी नियमांप्रमाणें नीट दुरुस्त करणाऱ्यास, मंजूर खर्चाच्या २० टक्क्यांइतकी सूट संयुक्त सरकारच्या आयकरांत मिळूं शकते. स्वतः राहावयाच्या घराला ती नाहीं. दुकान घेणाऱ्याचा हिशेब बसतो तो पुष्कळदां एवढ्यावरच. कारण २०२० सालीं वस्ती ४,९२३ वर आलेली, व गिऱ्हाईक बव्हंशीं प्रवासी.

२०१७ मध्यें, शंभर वर्षें भरलीं तेव्हां, गांवकऱ्यांनीं ती हद्दपारी गांवच्या रस्त्यांवर पुन्हां वठवून दाखविली. तिच्यावर ‘बिस्बी सेव्हंटीन’ हा चित्रपट निघाला. संपवाल्यांच्या व शेरीफच्या माणसांच्याहि वंशजांनीं त्यांत भाग घेतला. त्यांत एक कुटुंब असें होतें, कीं ज्यांच्या आजोबांनीं त्या सकाळीं बंदुकीच्या धाकानें आपल्या सख्ख्या भावालाच पकडून गाडीकडे नेलें होतें. तो प्रसंग घरच्या मंडळींनींच, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, करून दाखविला.