शोकेसमधली बार्बी

नव्वदच्या आसपास आमच्या सांगलीत बैठकीच्या खोलीत शोकेस नाही असं घर शोधावंच लागलं असतं. सनमायका लावलेली, काचेच्या सरकत्या दारांची. आत काय असायचं तेही ठरलेलं. कुणीतरी आग्र्याहून आणलेला ताजमहाल, कन्याकुमारीचे शंख, क्रोशाच्या रुमालावर मांडलेला आणि कुठल्याच पाहुण्यासाठी कधी खाली न उतरलेला टी-सेट. आणि ज्या घरात मुलगी असेल तिथे मधल्या कप्प्यात पॉलिथिनच्या पिशवीसकट उभी असलेली बार्बी. नावाला ती मुलीची. किल्ली आईकडे.

माझी मामानं मुंबईहून आणली होती. खोक्यावर ‘लिओ मॅटेल’ असं छापलेलं होतं. अमेरिकेतल्या मॅटेलनं आपल्याकडच्या ब्लो प्लास्टशी भागीदारी केली होती आणि त्या काळात बार्बी भारतातच बनायला लागली होती. तरी ती स्वस्त नव्हती. मामाचा पगार आणि तिची किंमत यांचं गणित आईनं मनात मांडलं असणार, कारण त्याच संध्याकाळी बाहुली कुलपात गेली. दिवाळीत आणि वाढदिवसाला ती बाहेर यायची. एरवी मी जत्रेतल्या पोकळ प्लॅस्टिकच्या बाहुलीशी आणि आजीच्या लाकडी ठकीशी खेळायचे. भातुकलीतली सगळी लग्नं ठकीची लागली. बार्बी काचेआडून बघायची.

पुढे काही वर्षांनी धाकट्या बहिणीलाही एक मिळाली. तोवर आईचा धाक सैल झाला होता, आणि बहीण मुळात ऐकणारी नव्हती. तिनं तिच्या बार्बीचे केस कापले, दंडावर बॉलपेननं गोंदण काढलं, तिला हौदात पोहायला शिकवलं आणि तिचा उजवा पाय शेजारच्या कुत्र्याच्या पिल्लाला चावायला दिला.

चाळिशीनंतर आम्ही सांगलीचं घर आवरलं तेव्हा दोन्ही बाहुल्या माझ्याकडे आल्या, आणि तिथून हा नाद लागला. आज माझ्या कपाटात ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या बऱ्याच बाहुल्या आहेत. काही विकत घेतलेल्या, काही लोकांनी दुरुस्तीला म्हणून दिलेल्या आणि न्यायला न आलेल्या. पण मला गुंतवलं ते त्या पहिल्या दोघींनीच. बहिणीची बार्बी दिसायला भयंकर होती, पण प्रकृतीनं ठणठणीत. माझी जपलेली बार्बी आजारी होती. हात-पाय हाताला चिकटत होते आणि त्यांवर धूळ बसून राखाडी थर झाला होता. कानांभोवती हिरवे डाग. वेणीचं रबर वितळून केसांत मुरलेलं. लाल पोलकं काढलं तर पाठीवर आणि छातीवर पोलक्याचा लाल रंग उतरलेला.

याची कारणं साधी आहेत, फक्त आपल्याला कुणी सांगितली नव्हती. बार्बी एका प्लॅस्टिकची नसते. धड कडक प्लॅस्टिकचं, हात, पाय आणि डोकं मऊ पीव्हीसीचं. पीव्हीसी मूळचं कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य घालतात. ते वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं, आणि उन्हाळ्यात जास्तच. अंगाला चिकटलेलं पॉलिथिन ते शोषून घेतं, म्हणजे आणखी बाहेर ओढतं. मऊ भाग कडक प्लॅस्टिकला टेकून राहिला तर तिथे खड्डा पडतो. कानातल्याची धातूची काडी पीव्हीसीत वर्षानुवर्षं राहिली की तिच्यातल्या तांब्याचा हिरवा गंज भोवतालच्या गालात शिरतो. जगभरचे संग्राहक या डागाला ‘ग्रीन इअर’ म्हणतात, आणि साठच्या दशकातल्या मोत्याचे डूल घातलेल्या बार्ब्यांची ती ठरलेली व्याधी आहे. यात काचेचा दोष नाही, संग्रहालयंही वस्तू काचेतच ठेवतात. पण तिथे कुणीतरी त्या काढून तपासतं. आमच्याकडे कुलूप लावून सगळे विसरले. बहिणीची बाहुली हौदात का होईना धुतली जात होती, तिचे कपडे बदलत होते आणि कानातलं पहिल्याच आठवड्यात हरवलं होतं. ती वाचली ती यामुळेच.

दुरुस्तीची सुरुवात नेहमी आंघोळीनं. कोमट पाणी, सौम्य साबण, कापूस, आणि सांध्यांच्या फटींसाठी लहान मुलांचा टूथब्रश. गुडघ्यात वाकणाऱ्या पायांच्या आत सांगाडा असतो, त्यामुळे पाय पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत, पुसून घ्यायचे. चिकटपणा धुतल्यानं जातो, पण कायमचा नाही. काही महिन्यांनी परत येतो, परत पुसायचा. वरून पावडर लावून विकणारे आहेत. मी त्याला दुरुस्ती म्हणत नाही.

हिरव्या डागावर आणि बॉलपेनच्या शाईवर एकच औषध चालतं, तारुण्यपीटिकांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं मी दर महिन्याला ट्यूब नेते हे बघून एकदा घरात कोण कॉलेजात आहे ते विचारलं होतं. डागावर मलमाचा थर द्यायचा, वर स्वयंपाकघरातली चिकटणारी फिल्म गुंडाळायची आणि तेवढाच भाग उन्हात येईल अशी बाहुली खिडकीत ठेवायची. मलम वाळलं की पुसून नवा थर. घाई केली तर डागासोबत कातडीचा मूळ रंगही उडतो आणि तिथे कोडासारखा पांढरा ठिपका राहतो. रंगवलेल्या ओठा-डोळ्यांजवळ मलम न्यायचंच नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचं तर नाव काढू नका. त्यातला अ‍ॅसिटोन कडक प्लॅस्टिकचं धड विरघळवतो.

केसांचं काम मला सगळ्यात आवडतं. शाम्पू, मग कंडिशनर, मग टोकांकडून वर येत रुंद दातांच्या स्टीलच्या फणीनं एक-एक बट मोकळी करायची. मुळापासून विंचरायला गेलं की पुंजके उपटून हातात येतात. गुंता सुटला की केस उकळत्या पाण्याखाली धरले तर सरळ होतात, आणि स्ट्रॉच्या तुकड्यांवर गुंडाळून धरले तर कुरळे. ही किमया सारान आणि नायलॉनच्या केसांवर चालते. कानेकालॉन नावाचा धागा असेल तर तेच पाणी केसांचा चोथा करतं. म्हणून आधी मागची एक आतली बट काढून तिच्यावर प्रयोग.

जिथे केसच उरले नाहीत तिथे नवे रोवावे लागतात. मान कोमट पाण्यात मऊ करून डोकं हळूहळू हलवत काढायचं. आतली खुंटी तुटली तर डोकं परत कधी धड बसत नाही. मग एका जाड सुईचं नेढं वरून तोडायचं म्हणजे दोन टोकांची चिमुकली काटी तयार होते. तिच्यात केसांचा पुंजका अडकवून टाळूच्या मूळ छिद्रातून आत ढकलायचा. भोकं आधीचीच असतात, ओळीत. कपाळाच्या कडेला दाट, मध्ये विरळ. कारखान्यात हे काम यंत्रावर होतं. हातानं करताना बोटं दुखतात, डोळे दुखतात, आणि घरातले ‘अजून झाली नाही का?’ असं विचारून जातात. शेवटी डोक्याच्या आतून गोंद.

या नादामुळे मी पुण्याच्या जुन्या बाजारात जायला लागले. बुधवारी आणि रविवारी भरतो तो. तिथे एकानं फडक्यावर लोखंडी नळ आणि मिक्सरची भांडी मांडली होती, आणि त्यांत एक उघडी बार्बी.

‘‘सहासष्टची आहे ताई. पाठीवर छापलंय बघा.’’

खरंच छापलेलं होतं. पण ते साल बाहुलीचं नव्हे, धडाच्या साच्याच्या हक्कनोंदणीचं. १९६६चा तो शिक्का पुढे कित्येक वर्षं बनलेल्या लाखो धडांवर उमटत राहिला. तसंच मानेच्या कडेवरचं १९७६. तो ‘सुपरस्टार’ नावाच्या हसऱ्या चेहऱ्याचा साचा. १९७७मध्ये तो बाजारात आला आणि नव्वदच्या दशकातही चालत होता. सालापेक्षा त्याच्याजवळचं देशाचं नाव जास्त बोलतं. ९ मार्च १९५९ रोजी रूथ हँडलर यांनी न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात पहिली बार्बी मांडली तेव्हा ती जपानमध्ये बनली होती. तिच्या तळपायांना स्टँडच्या काड्यांसाठी तांब्याच्या नळ्या बसवलेली भोकं होती. नंतर ठशावर तैवान आलं, हाँगकाँग, फिलिपिन्स, मलेशिया, चीन. माझ्या हातातल्या बाहुलीवर ‘इंडिया’ होतं. विक्रेत्याला मी हे सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि किंमत एका पैशानं कमी केली नाही.

त्या ‘इंडिया’ शिक्क्याला आता परदेशातही मागणी आहे. मॅटेलनं अमेरिकेत १९८२च्या सुमारास आपल्या देशोदेशींच्या मालिकेत साडीतली ‘इंडिया’ बार्बी काढली होती, पण ती तिकडच्या मुलींना भारत दाखवण्यासाठी. इथे बनलेल्या बाहुल्या इथल्या मुलींसाठी होत्या. पुढे ‘एक्सप्रेशन्स ऑफ इंडिया’ ही मालिका आली. तीत राजस्थानी, पंजाबी, मणिपुरी वेशातल्या बार्ब्या होत्या. संग्राहक त्या खोक्यासकट शोधतात.

नऊवारीतली मात्र मला हवी तशी मिळाली नाही, म्हणून मी नेसवायला बसले. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. साडेपाच मीटरची साडी तिच्यासाठी नव्वद-ब्याण्णव सेंटिमीटर, रुंदी वीतभर. सव्वाआठ मीटरची नऊवारी एक मीटर सदतीस सेंटिमीटर. गणित सोपं. पण कापडाची जाडी सहानं भागता येत नाही, आणि सगळी अडचण तिथे आहे. दुकानातल्या नव्या कॉटनच्या निऱ्या बाहुलीच्या पोटावर छत्रीसारख्या उभ्या राहतात. धुऊन धुऊन विरलेलं मलमल लागतं, काठाला बारीक जरीची लेस. निऱ्या ओल्या असताना टाचण्यांनी थर्मोकोलवर धरून वाळवायच्या. कासोटा घालताना तिचे पाय फाकत नाहीत, तेव्हा तो मागे टाक्यांवर धरावा लागतो. आणि बाईसाहेबांच्या टाचा कायम उचललेल्या, सँडल नसेल तर उभ्याच राहत नाहीत. नऊवारीखाली उंच टाचांचे गुलाबी सँडल! आईनं ते पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हिच्यापेक्षा तुझी ठकी बरी होती. गप उभी राहायची.’’

संग्राहकांच्या जगात सगळ्यात मोठा मान खोक्यातून कधीच न काढलेल्या बाहुलीला. भाव तिला, फोटो तिचे. मला हे पटत नाही, आणि मत्सर म्हणून नव्हे. न उघडलेल्या खोक्यात आत काय चाललंय ते कुणी बघत नाही. कानातलं कानातच असतं, रबर केसांतच, मनगट प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेलं. बंद खोक्यातली बाहुली निरोगी आहे हा निव्वळ विश्वास आहे, आणि त्यावर लोक पैसे मोजतात. वापरलेल्या बाहुलीचं उलट आहे. कापलेले केस, पेनच्या रेघा, कुरतडलेली बोटं, सगळं समोर दिसतं, आणि त्यातलं बरंचसं दुरुस्त होतं. रसायनानं आतून बिघडलेलं पीव्हीसी मात्र कुणालाच परत आणता येत नाही. मला तर नाहीच.

दुरुस्त करावं किती, हा प्रश्न गिऱ्हाईक सोडवतं. एक काकू कुवेतहून आणलेली बाहुली घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांनी तिथे नोकरीत असताना मुलीसाठी घेतलेली. कपाळावर लाल पेननं काढलेलं कुंकू, चांगलं रुपयाएवढं. मी मलमाचं सांगायला लागले तर त्यांनी हात धरला. ‘‘केस करा, पाय चिकटतात ते बघा. कुंकवाला हात लावू नका. पोरगी आता मेलबर्नला असते.’’ मी हात लावला नाही. बहिणीच्या बार्बीचं गोंदणही तसंच आहे, तिनं बजावून सांगितलंय. माझ्या बार्बीच्या पाठीवरचा लाल रंग मात्र मी उतरवला. तो कुणी खेळून पडलेला नव्हता.

तुमच्या आईच्या किंवा सासूबाईंच्या शोकेसमध्ये अशी एखादी उभी असेल तर या सुट्टीत किल्ली मागून घ्या. पॉलिथिन काढून टाका आणि बाहुली जुन्या धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा. कानातलं काढा, सँडल काढा. गडद रंगाचे कपडे उतरवून वेगळे ठेवा, नाहीतर मध्ये पांढरं कापड घाला. माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नका, घरातल्या थंड कपाटात ठेवा. वर्षातून एकदा उघडून पुसा, आणि घरात लहान मूल असेल तर पुसायचं काम त्यालाच द्या. केसांतलं रबर ओढून काढू नका. आधी बारीक कात्रीनं ते दोन-तीन ठिकाणी कापा.