थेंबावर बोलणारा

तळहातात मावेल एवढा त्याचा देह. पोटात नाण्याएवढी चपटी बॅटरी आणि तोंड इतकं अरुंद, की पट्टीखेरीज त्यात काही शिरत नाही. नाव ग्लुकोमीटर, रुग्णाच्या तोंडी ‘शुगरचं मशीन’.

पालघर जिल्ह्यातल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मी मंदिराजवळून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. छातीत कळ येऊन घामाघूम झालेला माणूस याच रस्त्याने दवाखाना गाठतो. तिथे सगळ्यांचे डोळे ईसीजीच्या कागदावर. नाकाशी ऑक्सिजन, हाताला सलाईन, दाराशी नातेवाईक. या गर्दीत हा उशाशी गप्प पडून असतो. त्याला हवा फक्त बोटाच्या कडेचा एक थेंब. पट्टीवरचं एन्झाइम थेंबातल्या साखरेला भिडतं, विजेचा क्षीण प्रवाह निघतो, तो मोजून हा पाचेक सेकंदांत बोलतो : २४०.

“यांना कधी शुगर नव्हती हो,” बायको म्हणते. ती खोटं बोलत नाही. कधी कुणी बघितलीच नव्हती.

त्या आकड्यामागे दोन गोष्टी असू शकतात. हृदयावर घाला पडला की अंगात ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल उसळतं, यकृत साखर सोडतं. मधुमेह नसलेल्याचीही साखर त्या घटकेला चढते. किंवा मधुमेह कित्येक वर्षं मुक्कामाला असतो आणि रक्तवाहिन्या आतून नासवत असतो. त्यात नसा बधिर झालेल्या असल्या, तर हृदयविकाराच्या झटक्यात छाती दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं. स्वीडनमधला एक अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यात मधुमेहाचं निदान नसलेले झटक्याचे १८१ रुग्ण होते. घरी जाण्याच्या सुमारास केलेल्या तपासणीत ३१ टक्क्यांना मधुमेह निघाला.

या मशीनचे दोषही सांगायला हवेत. अंगात रक्त कमी असलं की तो आकडा फुगवून सांगू शकतो. हातपाय गार पडलेल्या रुग्णाच्या बोटावर त्याचा भरवसा धरता येत नाही. अशा वेळी दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी एचबीए१सी तपासणी मदतीला येते. पण पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर मेल्या, की या तपासणीचाही हिशेब कमी भरतो. म्हणून प्रकृती सावरल्यावर, उपाशीपोटी शिरेतून रक्त काढून साखर बघावी लागते. ती १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा एकदा तपासून खात्री करायची.

नेमकं हेच राहून जातं. जीव वाचला या आनंदात माणूस गोळ्यांची पिशवी घेऊन घरी जातो आणि २४० केसपेपरच्या कोपऱ्यात पडून राहतो.

त्या आकड्याखाली कुणीतरी पुढची तारीख लिहायला हवी. तारीख ध्यानात राहणार नसेल, तर तोंडीच सांगावं : “काका, चैत्रातली देवीची यात्रा उठली, की सकाळी काही न खाता या.” एवढं सांगितलं, तर याचं पाच सेकंदांचं बोलणं वाया जात नाही.