होकाराचा हक्क

शिकागोच्या दक्षिणेला रॉबिन्स नावाचं एक लहानसं गाव आहे. जमीन सखल, पाणथळ. पाऊस धरून बसला की मिडलोथियनचा ओढा रस्त्यावर येतो, घरांच्या तळघरांत शिरतो. चांगल्या वस्त्यांची दारं काळ्या माणसाला बंद होती, त्या काळात यूजीन रॉबिन्स या जमीन विकणाऱ्या व्यावसायिकाने इथे प्लॉट पाडले आणि काळ्या कुटुंबांना ते घेता आले. दक्षिणेतल्या राज्यांतून पोटासाठी उत्तरेत आलेली ही माणसं. त्यांनी मिळेल त्या जुन्या लाकडाफळ्यांनी, सवडीने, एकेक खोली वाढवत घरं उभी केली. परसात भाजी लावली, कोंबड्या पाळल्या. बाहेरून पाहणाऱ्याला ती झोपडपट्टी वाटली असेल. पण दाराला लावायची कडी आपली, हे सुख शिकागोतल्या भाड्याच्या कोंदट खोलीत कुठलं मिळायला?

1917 साली या वस्तीने स्वतःची नगरपालिका स्थापन केली. थॉमस केलर पहिले मेयर झाले. मला रॉबिन्सच्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. परवानगी मागायला आता दुसऱ्या कुणाच्या दारात जायला नको होतं.

याचा अर्थ 1930च्या सुमारास कळला. जॉन रॉबिन्सन आणि कॉर्नेलियस कॉफी हे काळे वैमानिक विमान उडवायला जागा शोधत होते. गोऱ्यांच्या विमानतळांवर त्यांना थारा नव्हता. रॉबिन्सने हो म्हटलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हातांनी माळ सपाट करून धावपट्टी केली, जुन्या लाकडांचा हँगर उभारला. 1933च्या वादळाने तो हँगर भुईसपाट केला आणि वैमानिक दुसरीकडे गेले. पुढे इटलीने इथिओपियावर चाल केली तेव्हा हाच रॉबिन्सन तिथल्या सम्राटासाठी विमानं उडवत होता.

धावपट्टीच्या त्याच वर्षांत, 1932 साली, इथे निशेल निकोल्स जन्मली. तिचे वडीलही गावाचे मेयर होते. ‘स्टार ट्रेक’मधली उहुरा म्हणून जग तिला ओळखतं, नंतर तिने नासासाठी स्त्रिया आणि काळ्या तरुणांना अंतराळवीर होण्याची साद घातली. ज्या मातीत पाणी मुरत नाही, तिथल्या माणसांचं आभाळाशी असं नातं!

1970 साली गावात साडेनऊ हजारांहून जास्त माणसं होती. पुढे भोवतालच्या भागातले कारखाने बंद पडत गेले, तरुण बाहेर पडले. 2020च्या जनगणनेत पाच हजारसुद्धा उरली नाहीत. मधल्या काळात गावाने आणखी एकदा हो म्हटलं, ते कचरा जाळून वीज करणाऱ्या भट्टीला. तिजोरीत पैसा नव्हता, भट्टीमुळे कर आणि नोकऱ्या मिळतील ही आशा होती. विरोधही झाला. 1997 साली भट्टी पेटली, पण राज्याने अशा विजेच्या दराला दिलेला आधार त्याआधीच काढून घेतला होता. 2000 साली ती बंद पडली.

या दुसऱ्या होकाराबद्दल गावाला दोष देणं मला जमत नाही. धावपट्टीला दिलेला होकार भरल्या मनाचा होता, भट्टीला दिलेला रिकाम्या हाताचा. श्रीमंत उपनगरांना आपल्या कचऱ्यासाठी कुणाच्या तरी गरजेची जागा हवी असते, आणि त्यांच्या नकाराला कुणी कारण विचारत नाही. पुढे मिडलोथियनच्या ओढ्याचं पाणी साठवण्यासाठी तळं आणि भोवती बाग करण्याची योजनाही आली. तिच्यावर बोलायला गावाची पालिका आहे, गावाचा मेयर आहे.