अरब देशात राहून अरबी येतेच असं नाही

अरबी शिकवते म्हटल्यावर दुबईत उभी हयात गेलेली मराठी माणसं मला हमखास सांगतात, ‘आम्हाला काही अरबी आली नाही बुवा!’ यात नवल नाही. पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, पण दुबईत हिंदी आणि इंग्रजीवर सगळं निभावतं. पाय टेकायला तळ असला की हात कोण मारणार?

म्हणून अरबीचे विद्यार्थी कैरो, अम्मान, रबात अशी शहरं गाठतात. 2011पर्यंत दमास्कसचं नाव आघाडीवर असे. सीरियातल्या युद्धाने ती वाट बंद केली आणि बरेच जण अम्मानकडे वळले.

तिथे गेल्यावर खरी अडचण कळते. पुस्तकांची, वर्तमानपत्रांची, बातम्यांची अरबी ती फुसहा. घरात आणि बाजारात चालते ती आम्मिया, आणि ती प्रदेशागणिक निराळी. ‘मला हवंय’ हे फुसहात ‘उरीदु’, कैरोत ‘आयिज’, अम्मानमध्ये ‘बिद्दी’, रबातमध्ये ‘ब्घीत’. भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959मध्ये भाषेच्या अशा दुहेरी वापराच्या, म्हणजे ‘डायग्लॉसिया’च्या संकल्पनेची मांडणी केली, तेव्हा त्यांच्या चार उदाहरणांत अरबी होती. फुसहा कुणाचीच मातृभाषा नाही. ती शाळेत शिकावी लागते. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याची गंमत होते. त्याची पुस्तकी अरबी टॅक्सीवाल्याला कळते, पण टॅक्सीवाल्याचं उत्तर त्याला कळत नाही.

आधी फुसहा पक्की करा, बोली मागाहून बघू, अशी जुनी शिस्त होती. मला ती पटत नाही. दोन्ही पहिल्या दिवसापासून शिकाव्यात, बोली मात्र एकच धरावी आणि शहर त्या बोलीनुसार निवडावं. सिनेमा आणि गाण्यांमुळे इजिप्तची बोली अरब जगात बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असते. मोरोक्कोची दारिजा गोड, पण आखातातल्या माणसालाही ती चटकन उमगत नाही.

उरतो प्रश्न शिस्तीचा. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजतर्फे 1982पासून उन्हाळी अरबी वर्ग भरतात. शिकायची तीच भाषा बोलू, अशी लेखी शपथ विद्यार्थी घेतात आणि जेवणाच्या टेबलावरही पाळतात. दुबईत न येणारी अरबी अमेरिकेत येते ती यामुळे. परदेशी जाणाऱ्याने हीच शपथ सोबत न्यावी. भारतीय मित्रांबरोबर खोली घेण्यापेक्षा स्थानिक कुटुंबात राहावं आणि फोनवरच्या मराठी गप्पांना वेळ ठरवून द्यावी.

एका सत्रात भाषा येईल, या भ्रमात मात्र राहू नये. इंग्रजीभाषक राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था अरबीला 88 आठवडे, म्हणजे सुमारे 2200 तास लागतात असं धरते.

परतलेल्या विद्यार्थ्याला मी एक अग्रलेख वाचायला देते आणि त्यातला मुद्दा शेजारच्या आजीला सांगावा तसा बोलीत सांगायला लावते. वाचन फुसहात, सांगणं आम्मियात. एकीतून दुसरीत जाताना तो अडखळला नाही, तर परदेशातलं सत्र सार्थकी लागलं.