क्वार्टर इम्पीरियलपासून पुढे

महाराष्ट्रात चित्रं काढायची हौस असलेल्या बहुतेकांचा पहिला आकार त्यांनी स्वतः निवडलेला नसतो, तो सरकारने दिलेला असतो. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेत बाकावर येणारा तो कागद, २८ बाय ३८ सेंटिमीटर. जुन्या हिशेबात क्वार्टर इम्पीरियल, म्हणजे २२ बाय ३० इंचांच्या अख्ख्या तावाचा चौथा हिस्सा. वस्तुचित्र असो, स्मरणचित्र असो की संकल्पचित्र, बसवायचं याच मापात. समोर पितळी तांब्या, मागे उभं पुस्तक, पुढे दोन लिंबं, खाली चुण्या पडलेलं कापड. विद्यार्थ्याच्या हातात एवढंच की कागद उभा धरायचा की आडवा.

कोल्हापुरात १९७०च्या दशकात ही परीक्षा दिलेली एक मुलगी आता साठी उलटून पुण्यात राहते. बँकेत नोकरी केली, निवृत्त झाली आणि या सगळ्या काळात चित्रं काढत राहिली. ती कुठल्या गॅलरीत लागली नाहीत, तशी तिने ती लावायची खटपटही केली नाही. तिने काय काढलं, याची यादी देण्यासारखी नाही: देवळं, घाट, शेजाऱ्यांची मांजर, गणपती. पण कशावर काढलं आणि कशाने काढलं, हे पाहत गेलं तर तिचं घर, तिचा पगार, तिच्या खोल्यांची उंची असं बरंच काही त्यात सापडतं.

तिच्या शाळेतले चित्रकलेचे सर जुन्या पोस्टकार्डात लांबट चौकोनी भोक पाडायला लावायचे. एक डोळा मिटायचा आणि त्या भोकातून रंकाळा तलाव बघायचा. कार्ड आडवं धरलं की पाणी पसरत जायचं आणि संध्यामठ त्यात बुडाल्यासारखा व्हायचा. उभं धरलं की तोच मठ मधोमध येऊन रुबाबात उभा राहायचा. जागा तीच, वेळ तीच, चित्रं मात्र दोन. पेन्सिल टेकवण्याआधी अर्धं चित्र ठरून गेलेलं असतं, हे त्या पोरांना इतक्या लवकर कळलं, ही सरांची कमाल म्हणायची.

कागद शाळेतला, साधा कार्ट्रिज. पाणी जरा जास्त झालं की त्याला पोट यायचं आणि आभाळाचा रंग त्या खोलगट भागात जाऊन बसायचा. त्यावर उपाय होता. ताव पाण्यात भिजवून पाटावर पसरायचा, चारही कडांना डिंकाची पट्टी लावायची आणि सावलीत वाळू द्यायचा. वाळताना कागद आक्रसतो, पण कडा धरलेल्या असल्यामुळे ढोलकीच्या कातड्यासारखा ताणला जातो. आजही ती जाड कागदावर पैसे न घालवता हेच करते. जाड, तीनशे ग्रॅमचा कागद मिळतो, चांगला असतो, हे तिला माहीत आहे. पण महाग कागदावर हात घाबरतो, असं तिचं म्हणणं आहे आणि ते बऱ्याच हौशी मंडळींना पटेल.

रंगांच्या बाबतीत तिची पिढी नशीबवान. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. त्यातून वाढलेल्या कॅम्लिनने साठच्या दशकात चित्रकलेच्या साहित्यात पाऊल टाकलं. उंटाचं चित्र असलेली रंगपेटी मराठी घरात कंपासपेटीइतकी सवयीची झाली. त्याआधी चांगला रंग म्हणजे विलायती रंग, आणि विलायती रंग म्हणजे आर्ट स्कूलमध्ये शिकणाऱ्यांची चैन.

जलरंगाबद्दल कोल्हापुरात एक वेगळा अभिमानही होता. सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांनी १९४५-४६ मध्ये हातात समई घेतलेल्या मुलीचं जे चित्र केलं, ते आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी उभी राहिलेली त्यांची मुलगी गीता उपळेकर पुढे कोल्हापुरातच राहायची. चित्र जलरंगातलं, पण बघणारे हमखास फसतात आणि तैलरंग समजतात. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो उजेड पांढऱ्या रंगाने वर काढलेला नाही. जलरंगात उजेड म्हणजे कागद, तो राखून ठेवावा लागतो. एकदा रंग पडला की माघार नाही. अंधारी खोली आणि एकच दिवा असला विषय तैलरंगात शंभर जणांनी केला असेल, पण माणूस तोच विषय मुद्दाम अवघड माध्यमात करतो तेव्हा साहित्याची निवड हाच चित्राचा निम्मा पराक्रम होतो.

लग्नानंतर मुंबई. दादरला दोन खोल्या, त्यात पाच माणसं. इथे तिने तैलरंग हाती घेतले, आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात रंगारी बसवलाय का?" टर्पेंटाइनचा वास पडद्यांत मुरायचा. चित्र वाळायला आठवडा लागायचा आणि तोवर ते ठेवायचं कुठे, तर कपाटावर, पालथं न करता, मुलांच्या हाताला लागणार नाही असं. कपाटाच्या माथ्याची खोली होती जेमतेम दीड फूट. तिची त्या काळातली सगळी चित्रं दीड फुटाच्या आतली का, याचं उत्तर कलासमीक्षेत शोधून सापडणार नाही.

तयार कॅनव्हास परवडेना, म्हणून मांजरपाट. नुसत्या कापडावर तैलरंग लावला तर जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं, त्यातून आम्लं तयार होतात आणि धागा वर्षानुवर्षं कुजत जातो. म्हणून कापड आणि रंग यांच्यामध्ये भिंत हवी. आधी सरसाचा पातळ हात, तो वाळला की सरसातच खडूची पूड आणि पांढरा रंग कालवून दोन हात, मध्ये पॉलिशपेपर. ताणायची रीतही ठरलेली. लाकडी चौकटीच्या चारही बाजूंना मधोमध एकेक चूक ठोकायची, मग मधून कोपऱ्यांकडे, समोरासमोर. कोपऱ्यातून सुरुवात केली की कापडाला सुरकुती पडते आणि मग ती जात नाही. शेवटी आतल्या कोपऱ्यांत लाकडाच्या पाचरी, कापड सैल पडलं की हातोडीने हलकेच आत सारायला.

पण खरा सत्ताधीश फ्रेमवाला. "वहिनी, बारा-सोळा करा ना, काच कापलेली आहे." सोळा-वीस, अठरा-चोवीस हीही त्याची लाडकी मापं. या मापांत पट्टी वाया जात नाही, काचेचे तुकडे उरत नाहीत. जलरंगाला तो माउंट घ्यायला लावायचा, कारण चित्र काचेला टेकलं की मुंबईच्या दमट हवेत चिकटतं. तैलचित्राला काच नको, म्हणजे तेवढे पैसे वाचले. नव्वद टक्के हौशी चित्रकारांचं शिक्षण आर्ट स्कूलमध्ये नाही, फ्रेमच्या दुकानात होतं, असं कुणी म्हटलं तर आकड्यावर वाद घालावा, मुद्द्यावर नको.

आणि हा काही फक्त दादरचा प्रकार नव्हे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे दुकानदारही ठरलेल्याच मापांत कॅनव्हास विकत. प्रत्येक क्रमांकाचे तीन प्रकार: माणसाच्या चित्रासाठी, निसर्गासाठी, समुद्रासाठी. तीस क्रमांक घेतला तर लांब बाजू तिन्हींत ९२ सेंटिमीटर, आखूड बाजू अनुक्रमे ७३, ६५ आणि ६०. समुद्राला जास्त आडवं हवं, हे दुकानानेच ठरवून टाकलेलं. व्हॅन गॉगने ढीगभर चित्रं त्या तीस क्रमांकावर केली. मग १८९० च्या जून-जुलैत, ओव्हेर गावी, आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत त्याने एक वेगळंच माप धरलं: ५० बाय १००, दोन चौरस शेजारी शेजारी ठेवल्यासारखं. कावळे उडत असलेलं गव्हाचं शेत याच मापात आहे. त्या चित्रातल्या तीन वाटा एकमेकींपासून इतक्या लांब फाकतात, त्या तीस क्रमांकावर फाकल्या नसत्या.

ॲक्रिलिक तिच्या घरी आलं ते नव्वदच्या दशकात. अमेरिकेत पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक पन्नासच्या दशकातच बाजारात आलं होतं. पाण्याने ब्रश धुता येतो, वास जवळजवळ नाही, अर्ध्या तासात वाळतं. स्वयंपाक आटोपल्यावर बसावं आणि घरातले जेवायला बसायच्या आत आवरावं, अशा बाईसाठी हे साहित्य कुणीतरी मुद्दाम शोधलं असावं. तोटा एकच, आणि तो मोठा: तैलरंगात दुसऱ्या दिवशीही गालावरची छटा गालातच मिसळता येते, इथे चहा होईपर्यंत कडा वाळून जाते. तिच्या चित्रांतली माणसं त्या काळात जरा टोकदार झाली.

माध्यमाच्या सोवळ्या-ओवळ्याची तिची धास्ती मात्र मुंबईनेच घालवली. चित्रकार प्रभाकर बरवे कॅनव्हासवर एनॅमल वापरत, दारं-खिडक्यांना लावतात त्या जातीचा चकचकीत रंग. गायतोंडे ब्रश सोडून रोलर आणि नाइफ चालवत आणि उभ्या, माणसाहून उंच वाटणाऱ्या कॅनव्हासवर थरामागून थर देत, खरवडत. जहांगीर आर्ट गॅलरीत जाऊन ती चित्रापेक्षा चित्राच्या कडा जास्त बघायची. कडेला थर उघडे पडलेले असतात, तिथे चित्रकाराची लबाडी आणि मेहनत दोन्ही कळतात.

निवृत्तीनंतर पुण्यात, अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात, तिला गोल कॅनव्हास दिसला. एमडीएफचे गोल तुकडेही होते. मंडला काढणाऱ्यांनी या आकाराला सध्या भलतेच चांगले दिवस आणलेत. मंडलाला गोल शोभतो, कारण त्याचा मधला बिंदूच राजा. पण इतर विषयांत इथेच घोडं पेंड खातं. गोलात क्षितिज काढलं की दोन्ही टोकं कापल्यासारखी लोंबतात, आणि कोपरेच नसल्यामुळे एरवी तिथे ढकलून द्यायची झाडं, ढग, सही यांना जागा उरत नाही. आज भिंतींवर लटकलेल्या गोल निसर्गचित्रांपैकी बरीचशी ही कोपरे छाटलेली आयताकृती चित्रंच आहेत.

गोलाचं गणित ज्यांनी सोडवलं, त्यांनी आकृतीच वळवली. फ्लॉरेन्सच्या उफिझीमध्ये मायकेलअँजेलोचं सुमारे १२० सेंटिमीटर व्यासाचं गोल चित्र आहे. त्यात मेरी जमिनीवर बसून, अंग पिळून, खांद्यावरून मागे हात नेते. तिचा दंड, बाळ आणि मागचा जोसेफ यांचा मिळून एक पीळ तयार होतो आणि नजर त्या पिळाबरोबर फिरत राहते. पुण्यातल्या आपल्या चित्रकर्तीने ते छापील पुस्तकात पाहिलं. प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिला तो मात्र सावंतवाडीचा गंजिफा, हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा संच.

नणंदेबरोबर ती तिथल्या राजवाड्यात गेली होती. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकात ही मरू घातलेली कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफाची पानं १२०, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि सगळी गोल. तळहातात मावणाऱ्या त्या चकतीत राजा बसलेला असतो आणि काठाची रेघ त्याला सगळीकडून धरून ठेवते. क्षितिज नाही, आभाळ नाही, मागचा रंग सपाट. अडचण सोडवायची तर ती निर्माणच होऊ द्यायची नाही. पानाचा पाया कसा करतात, ते ऐकून तिला हसू आलं: चिंचोक्याची खळ, खडू, घासणं, पुन्हा हात. दादरच्या दोन खोल्यांत मांजरपाटावर तिने जे केलं, त्याचं हे थोरलं घराणं निघालं. त्यानंतर तिने गोल कॅनव्हासवर काढलं ते ताटातलं जेवण. वरून पाहिलेलं, क्षितिजाशिवाय. मीठ, लिंबू, कोशिंबीर आपापल्या जागी बसली, कारण पान वाढायची रीत या बाबतीत पक्की आहे.

शाळेतलं रंकाळ्याचं एक चित्र अजून तिच्याकडे आहे. संध्याकाळ होती, पाण्यावर गुलाबी होती. आता तिथे करडी निळाई आहे. चुलतभावाने आणलेल्या कुठल्याशा परदेशी पेटीतला क्रिमझन होता, तो उजेडात उडाला. व्हॅन गॉगच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीही मुळात जांभळट होत्या. त्यातला लाल उडाला आणि आज जग त्या निळ्या समजतं. आपल्या चित्रातला गुलाबी उडालेला पाहिल्यापासून ट्यूब घेताना ती नाव वाचत नाही, मागच्या बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा क्रमांक वाचते. पीआर ८३ दिसलं की परत ठेवते. हा जुना अलिझरिन, फार काळ टिकत नाही. पीआर १२२ असेल तर घेते. दुकानातली मुलं आता तिच्या सवयीची झाली आहेत, चष्मा पुसायला कापड आधीच पुढे करतात.

सध्या तिच्या टेबलावर न्यू जर्सीचं काम आहे. मुलीने सोफ्यावरच्या रिकाम्या भिंतीचा फोटो पाठवला, सोबत फुटांत माप. "आई, आडवंच हवं हं, आणि जरा आपल्याकडचं." ठरलं ते २४ बाय ४८ इंच, ओव्हेरच्या त्या शेतासारखंच एकास दोन, आणि विषय जेजुरी: पायऱ्यांवरची गर्दी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चौकटीसकट पाठवायचं तर पार्सलचा खर्च चित्रापेक्षा जास्त, म्हणून कॅनव्हास सोडवून गुंडाळी. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची. ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण आत ठेवली तर थर दाबला जाऊन चुरगळतो. आणि जानेवारीत पाठवायचं नाही, कारण कडाक्याच्या थंडीत ॲक्रिलिक ठिसूळ होतं.

उरला प्रश्न पिवळ्याचा. खऱ्या भंडाऱ्याची चिमूट रंगात कालवावी, असं तिला फार वाटत होतं. तिने कागदाच्या पट्टीवर दोन पिवळे लावले, एक हळदीचा, एक ट्यूबमधला. अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकली आणि गॅलरीच्या खिडकीत उन्हात चिकटवली. काही दिवसांनी पुठ्ठा काढला तर हळद झाकलेल्या भागात पिवळी होती, उघड्या भागात फिकटून गेलेली. ट्यूबमधला दोन्हीकडे सारखाच. म्हणजे भंडारा उधळला जाणार तो पीवाय ३५ चा, कॅडमियम यलो. मांडणीवरच्या ट्यूबांमध्ये महागातली ती एक, आणि अख्ख्या जेजुरीला एक ट्यूब पुरायची नाही. बिल मुलीच्या नावावर करायचं ठरलं आहे.