चालत्या यंत्राला हात लावावा का?

चेन्नईच्या सौकारपेट भागात मराठी कानावर पडलं की समजावं, जवळपास कुठेतरी गलाईचं दुकान आहे. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देण्याचा हा धंदा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं तो घेऊन भारतभर पांगली. आबाही त्यातलेच. ते विट्याहून आले तेव्हा या शहराचं नाव मद्रास होतं. आता तमिळ त्यांच्या तोंडात मराठीइतकीच बसली आहे. रागावले की मात्र गावचीच भाषा येते.

या आबांचा एक नियम होता. चालत्या गाडीला खीळ घालायची नाही. भट्टी असो, पंखा असो की संगणक, नीट चालतंय तोवर हात लावायचा नाही. संगणकाबाबत हा नियम त्यांना भलताच महाग पडून मिळालेला होता.

ही गोष्ट २००१च्या मे महिन्यातली. चेन्नईत त्या दिवसांना ‘अग्निनक्षत्र’ म्हणतात, आणि नाव अगदी सार्थ आहे! दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेल्या संगणकात जागा पुरेना, म्हणून आबांनी ४० जीबीची नवी हार्ड डिस्क आणली. ती जोडली आणि यंत्र सुरू होतानाच अडकून बसलं. त्या काळातल्या कित्येक संगणकांचं हेच दुखणं होतं. ३२ जीबीहून मोठी डिस्क त्यांना ओळखताच येत नसे. त्यावर एक उपाय म्हणजे मदरबोर्डवरचा ‘बायोस’ बदलायचा. ओळखीचा एक मुलगा फ्लॉपी घेऊन आला. काम दोन-तीन मिनिटांचं. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर सरकली आणि गल्लीतून आवाज आला, “करंट पोच्चु!”

वीज परत आली, संगणक मात्र आला नाही. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पडदा काळा. दुसऱ्या दिवशी रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन आबा माऊंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर गेले. चेन्नईत इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही बिघडलं की माणूस या गल्लीत जातो. आजही जातो. तिथल्या कारागिराने झाकण उघडलं, दोन बटणं दाबून पाहिली आणि शांतपणे सांगितलं, “सार, बायोस पोच्चु.” त्याने ती बोटाच्या पेराएवढी चिप खाचेतून उपसली, दुसऱ्या यंत्रात घालून पुन्हा लिहिली आणि बसवून दिली. तीन दिवस गेले. हिशेब डिस्कवर सुखरूप होते, पण तीन दिवस लग्नसराईच्या गर्दीत ते पाहता आले नाहीत. त्या तीन दिवसांत कोणाचं किती सोनं आलं, यावरून दोन गिऱ्हाइकांशी वाद झाले. तेव्हापासून आबा सगळं वहीत लिहून ठेवतात.

हा बायोस म्हणजे आहे तरी काय? बटण दाबल्यावर संगणकाला स्वतःबद्दल काहीच माहिती नसते. मेमरी किती, डिस्क कुठे, विंडोज कुठून उचलायचं, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा मजकूर मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये मुरलेला असतो. १९७०च्या दशकात गॅरी किल्डॉल या अमेरिकन तंत्रज्ञाने आपल्या ‘सीपी/एम’ प्रणालीतल्या अशा भागाला बायोस हे नाव दिलं. सुरुवातीला हा मजकूर कारखान्यातच कायमचा कोरलेला असे. पुढे पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिपा आल्या, आणि सोयीबरोबर धोकाही आला. जे सुधारता येतं ते बिघडवताही येतं. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ ऊर्फ चेर्नोबिल व्हायरसने नेमकं हेच केलं. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या या व्हायरसने जगभरातल्या असंख्य संगणकांच्या डिस्कचा आरंभीचा भाग पुसला आणि जिथे जमलं तिथे बायोसही नासवला. त्या पिढीतल्या लोकांना बायोस म्हटलं की धडकी भरत असेल, तर त्यात नवल नाही. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आता येऊ २०२३मध्ये. आबांचा धाकटा मुलगा ॲनिमेशन शिकत होता. त्याच्यासाठी रिची स्ट्रीटवरच यंत्र जुळवून घेतलं, इंटेलचा तेराव्या पिढीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर घालून. दुकानाच्या खात्यातून मोठी रक्कम निघाली. आईने त्या वर्षीचं तिरुपती पुढे ढकललं. पहिले सहा-सात महिने यंत्र घोड्यासारखं धावलं. मग अधूनमधून अडखळू लागलं. चित्र तयार होता होता प्रोग्रॅम बंद पडे, आणि पडद्यावर संदेश येई की व्हिडिओ मेमरी संपली. मोठी झिप फाईल उघडताना ती खराब असल्याचं कळे. तीच फाईल दुसऱ्यांदा बिनतक्रार उघडे!

कोणीही फसावं असंच हे दुखणं होतं. संदेश व्हिडिओ मेमरीचा, म्हणून ग्राफिक्स कार्डावर संशय. ते दुसऱ्या यंत्रात ठणठणीत निघालं. मग रॅम बदलून झाली. मग चेन्नईच्या उकाड्याला दोष. पोराने मोठा पंखा बसवला, खोलीतला एसी रात्रभर चालू लागला, विजेचं बिल पाहून आबांचा पारा चढला. यंत्र अडखळतच राहिलं.

जगभर हजारो लोक याच चक्रात फिरत होते. जुलै २०२४मध्ये इंटेलने कारण जाहीर केलं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरचा अंतर्गत सूचनासंच, चुकत होता. प्रोसेसर मदरबोर्डकडे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, मदरबोर्ड ते देत होता, आणि आतला एक नाजूक भाग हळूहळू झिजत होता. ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखणारी सुधारणा आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक. यातली मेख अशी की ही सुधारणा प्रोसेसरवर कायमची कोरली जात नाही. संगणक सुरू होताना बायोस ती दर वेळी प्रोसेसरच्या कानात सांगतो. म्हणजे ती मिळवायची हमखास वाट बायोस बदलण्याचीच.

पोराने विषय काढला आणि घरात ठिणगी पडली.

“आबा, नवा बायोस घालायला लागतोय. कंपनीनंच सांगितलंय.”

“आरं, चालतंय न्हवं अजून? मग कशाला हात लावतुयास? मधीच करंट गेला म्हंजी?”

“आता यूपीएस आहे की.”

“तवा बी तो पोरगा म्हणालाच हुता, दोन मिन्टांचं काम हाय.”

यावर पोरगा काय बोलणार? पैसे आबांचे, यंत्र आबांचं. आणि खरं तर आबांचं म्हणणं तेवीस वर्षं बरोबरच होतं. कारणाशिवाय बायोसला हात लावू नये, हे जाणकारही सांगत आले. पण या वेळी न बदलणं म्हणजे थांबणं नव्हतं. आबांना वाटत होतं, यंत्र आहे तसंच राहील. ते रोज थोडं थोडं झिजत होतं.

डिसेंबरात प्रोजेक्ट देण्याच्या आदल्या आठवड्यात ते एका रात्री अकरा वेळा बंद पडलं. पहाटे आबा पाणी प्यायला उठले, तर पोरगा अंधारात काळ्या पडद्यासमोर नुसता बसलेला. काही बोलले नाहीत. सकाळी स्वतःच म्हणाले, “चल रिची स्ट्रीटला.”

तिथल्या कारागिराने पंधरा मिनिटांत बायोस बदलला. मग चाचणी लावली. यंत्र पुन्हा पडलं. नवा बायोस पुढची झीज कमी करतो, झालेली झीज भरून काढत नाही. प्रोसेसर बदलण्याला पर्याय नव्हता. इंटेलने अशा प्रोसेसरांची तीन वर्षांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली होती, म्हणून तो बदलून मिळाला. पैसे वाचले, वेळ गेला. प्रोजेक्ट मित्राच्या यंत्रावर उरकलं, दोन आठवडे उशिरा. गुण कापले गेले. “ऑगस्टातच केलं असतं तर वाचला असता का रं?” आबांनी येताना रिक्षात विचारलं. पोरगा म्हणाला, “काय सांगावं? तोवर झिजलाही असंल.” हे खरं होतं, की बापाला बरं वाटावं म्हणून होतं, ते त्यालाच ठाऊक.

मे २०२५मध्ये इंटेलची आणखी एक सुधारणा आली. दिवसचे दिवस हलक्या कामावर चालू राहणाऱ्या यंत्रांतही व्होल्टेज गरजेपेक्षा वर जात होतं, त्यासाठी. पुन्हा अग्निनक्षत्र, पुन्हा बायोस. या वेळी काम घरीच, रात्री दहाला. पोराने मदरबोर्डचं मॉडेल आणि आवृत्ती तीनदा ताडून पाहिली, पेन ड्राईव्ह तयार केला, बायोसमधल्या जुन्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढले, कारण अपडेटनंतर ती बहुधा मूळपदावर जातात. आबांनी एसी, फ्रिज बंद करायला लावला आणि यूपीएसशेजारी खुर्ची टाकून बसले. आई म्हणाली, “अहो, तुम्ही बसून करंट थांबणार आहे का?” ते हलले नाहीत.

पट्टी शंभरावर गेली, यंत्र आपसूक बंद होऊन सुरू झालं आणि पडदा काळाच राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. नव्या बायोसनंतर यंत्र पहिल्यांदा मेमरीची तपासणी नव्याने करतं, त्याला वेळ लागतो. घाबरून बटण दाबायचं नाही, हे पोराला माहीत होतं. आबांना नव्हतं. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट.

पडदा उजळला. पण विंडोज नाही, निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागणारा संदेश. डिस्कला लावलेल्या बिटलॉकर कुलपाला बदललेला बायोस परका वाटला होता. अपडेटआधी ते थोडा वेळ थांबवून ठेवायचं असतं, आणि एवढं सगळं करून पोरगा नेमकं तेच विसरला होता. तो मोबाईल चाचपू लागला.

आबा उठले, दुकानाची वही घेऊन आले, शेवटचं पान उघडलं. यंत्र घेतलं त्या दिवशी पोराकडून विचारून त्यांनी ती किल्ली सहा-सहा आकड्यांच्या आठ ओळींत उतरून ठेवली होती. चष्मा कपाळावरून खाली घेत ते वाचू लागले.

“घाल. चार, एक, सात... थांब, सात न्हवं, एक हाय तो.”