बुरशीचे उपकार

ज्याचे विचार कालबाह्य झाले त्याला आपण ‘बुरसटलेला’ म्हणतो. भाषेने बुरशीवर केलेला हा अन्याय जबलपूरच्या पावसाळ्यात आम्हांला विशेष जाणवतो. आषाढ लागला की लोणच्याच्या बरणीपासून चामडी जोड्यांपर्यंत ती पसरते आणि घरची मंडळी तिच्या नावाने बोटे मोडतात. त्याच सुमारास मंडल्याकडील रानांतून आलेली ‘पिहरी’ मात्र महाग असूनही हातोहात खपते. ही चवदार अळंबी म्हणजे बुरशीचेच फळ, याचे तेव्हा कोणाला स्मरण नसते!

रानात बुरशीचे कार्य मोठे आहे. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन इतके चिवट की सहसा कोणी जीव त्याच्या वाटेस जात नाही. पांढरी कूज घडविणाऱ्या बुरश्या मात्र ते फोडतात. त्या नसत्या तर अरण्ये स्वतःच्याच मेलेल्या खोडांखाली गाडली गेली असती.

माणसाने मात्र सहजी न कुजणाऱ्या वस्तू निर्माण केल्या. १९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली. आमच्या लहानपणी डीडीटी फवारणारे येत आणि भिंतीवर तारीख लिहून जात. त्या औषधाने असंख्य जीव वाचविले, हे आम्ही विसरणार नाही. परंतु डास मेले तरी ते उरतेच. मातीत वर्षानुवर्षे राहते, अन्नावाटे चरबीत साठते. आमच्या त्या भिंतींचे पोपडेही अखेर परसातल्या मातीतच गेले. १९८९ साली शेतीतील त्याचा वापर बंद झाला. पण माती काही कायद्याने शुद्ध होत नाही.

१९८५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले, की फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही पांढऱ्या कुजीची बुरशी डीडीटीचेही विघटन करते, काही अंशी थेट कर्बवायूपर्यंत. याचे कारण मनोज्ञ आहे. लिग्निनची रचना इतकी वेडीवाकडी, की प्रत्येक सांध्यासाठी निराळी किल्ली घडविणे अशक्य. म्हणून बुरशीची विकरे समोरच्या रेणूची जात फारशी विचारीत नाहीत. डीडीटीही त्यांच्या तडाख्यात सापडते.

अर्थात काचपात्रात साधते ते शेतात तितके सहज साधत नाही. तेथे ओल हवी, ऊब हवी, शिवाय मातीतल्या इतर सूक्ष्मजीवांशी झुंज असते. शिसे किंवा पारा तर कोणतीच बुरशी नाहीसा करू शकत नाही.

वस्तू किती टिकेल हे आपण अभिमानाने सांगतो; ती कशी संपेल, हेही घडविणाऱ्याने सांगावयास हवे. नातवंडांना आम्ही घर देऊ, भांडीकुंडी देऊ. पण ‘परसातली मूठभर माती निर्धास्त हाती घ्या’, असे त्यांना सांगता येईल, तेव्हाच आमचे देणे फिटले असे आम्ही मानू.